माझ्या जाळीतले भोक

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे. अमेरिकेतल्या टेनेसीच्या टेकड्यांत, ओपलबाईंच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूने मला बसवले. माशा बाहेर ठेवायच्या आणि वारा आत घ्यायचा, एवढेच माझे काम. पण दमट हवेने माझे लाकूड फुगले आणि मी खालच्या कोपऱ्यात अडू लागलो, तो कायमचाच. खाली पायाने एक दणका दिल्याशिवाय मी हलत नसे.

आमच्याकडे पुढच्या दाराने फक्त पोलिसांचा शेरीफ आणि विमा विकणारे येतात. आपली माणसे मागून येतात. शेजारचा एझ्रा टॉलिव्हर तर रोजचाच. त्याचा दणका ऐकला की ओपलबाई चुलीपासूनच ओरडत, "अरे मेल्या, दार मोडशील! ये आत, कॉफी टाकलीय." दर वसंतात एझ्रा मला रंग देई. ते माझे सुखाचे दिवस होते.

ओपलबाई वारल्या आणि घर कोरिन मॅडॉक्स नावाच्या निवृत्त शिक्षिकेने घेतले. त्या शहरातून आल्या होत्या, एकट्या होत्या. तिथे एकदा चोरांनी त्यांचे मागचे दार लाथ मारून फोडले होते, आणि तेव्हा त्या घरातच होत्या. तेव्हापासून पिस्तूल त्यांच्या हाताशी असे. या बाईंना माझ्या खोडीची गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. मला बोलता येत नाही, याचे दुःख मला तेव्हापासून आहे.

एका संध्याकाळी एझ्रा नव्या शेजारणीला भेटायला आला. हातात बिडाचा तवा, त्यात मक्याचा गरम पाव, वर फडके, आणि तव्याचा दांडा पुढे आलेला. "घरात आहात का?" त्याने हाक मारली. आत नळ सुरू होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याने सवयीने मला खाली दणका दिला. कोरिनबाई गर्रकन वळल्या. किंचाळल्या. आणि गोळी माझ्या जाळीतून आरपार गेली.

एझ्रा वाचला. उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. कोरिनबाईंवर खटला झाला. दारात कोण आहे ते दिसलं नाही, जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, असे त्या म्हणाल्या. मला उचकटून कोर्टात नेले आणि शेवटी ज्यूरीच्या खोलीत भिंतीशी उभे केले.

निकाल द्यायला बसलेली बारा माणसे माझ्यासमोर भांडू लागली. बँकेत काम करणाऱ्या विल्माबाई म्हणाल्या, "भला माणूस पुढून येतो हो. मागून येऊन दाराला लाथा कोण घालतं?"

"आमच्याकडे पुढून कोणी आलं तर शेरीफच आला असं वाटतं," तंबाखूचे मळे असलेला हॉइट म्हणाला. "आणि बाईंना बाहेरचं दिसत नव्हतं म्हणे! बघा की." त्याने मला मधे धरले आणि विल्माबाईंना पलीकडे उभे केले. "तुमच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतोय मला. कोरिनबाई धडधडीत खोटं बोलतायत."

एझ्रा काळा, कोरिनबाई गोऱ्या. ही गोष्ट त्या खोलीत कोणी तोंडातून काढली नाही. पण काहींनी तिच्यावरून एझ्राला चोर ठरवून टाकले होते, तर काहींनी कोरिनबाईंना दुष्ट. मी मनात आक्रंदत होतो. अहो, इथे डोक्यावर ट्यूबलाइट आहे, तिथे काय होते ते तरी आठवा!

विल्माबाईंनी माझ्या जाळीवरून हात फिरवला. "हॉइट, हे दार कुठल्या दिशेला होतं?"

हॉइटने मला परत भिंतीला टेकवले. ओपलबाईंकडे त्याने कितीदा तरी कॉफी घेतली होती. खोटे बोलायला तो तयार नव्हता. "पश्चिमेला," तो म्हणाला.

न्यायाधीशांच्या परवानगीने मला परत त्या घराला बसवले, आणि गोळी झाडली त्याच संध्याकाळच्या वेळेला सगळे तिथे गेले. विल्माबाईंनी तवा घेतला आणि बाहेर उभ्या राहिल्या. हॉइट आत, माझ्याकडे पाठ करून. विल्माबाईंनी मला कोपराने ढकलले, गुडघ्याने रेटले, मी ढिम्म. मग वैतागून त्यांनी मला खाली लाथ घातली. घातली आणि स्वतःच्याच पायाकडे बघत राहिल्या.

आत हॉइट दचकून वळला होता. मावळत्या सूर्यासमोर त्याला फक्त एक काळी आकृती दिसली, आणि पुढे आलेले काहीतरी लांबट. तो दोन पावले मागे सरला.

"काय दिसलं?" कोणीतरी विचारले.

"बाईंना दिसलं तेच," तो हळूच म्हणाला. "आणि तवा आहे हे मला माहीत होतं, बरं का."

कोरिनबाई निर्दोष सुटल्या. पण मित्रांनो, गावाने त्याचा भलताच अर्थ लावला. दुकानात लोक म्हणू लागले, "बाई सुटल्या ना? म्हणजे एझ्राच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच." चर्चमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. हाताचे दुखणे त्याने सोसले, हे मात्र त्याला सोसवेना. कोर्टाने परत दिलेला तवाही त्याने कोर्टातच टाकला. कोरिनबाईंना मी परत नको होतो, मला मात्र तो घरी घेऊन आला.

"हे अपशकुनी लाकूड कशाला आणलंत?" बायको म्हणाली.

"ओपलचं दार आहे. रंग मीच दिलाय याला."

त्याने डाव्या हाताने मला आपल्या स्वयंपाकघराला बसवले.

मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, कोरिनबाई भर रस्त्याने चालत आल्या. हातात एझ्राने कोर्टात टाकलेला तोच तवा, त्यात मक्याचा पाव, एका बाजूने चांगलाच करपलेला. सगळे गाव बघत होते. त्या वळसा घालून मागे आल्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टॉलिव्हर, मी कोरिन. तुम्ही शेजारी म्हणून आला होतात. ते मला कळलं नाही. आता सगळ्यांना सांगतेय."

आत एझ्रा टेबलाशी बसला होता. बायको त्याच्याकडे बघत होती. बाहेर बाई दोन्ही हातांनी तवा धरून उभ्या होत्या, आणि मी दोघांच्या मधे उभा होतो.

"दार अडतं, बाई," शेवटी तो म्हणाला. "खालून पाय मारा."

माझ्या जाळीतले ते भोक एझ्राने अजून बुजवलेले नाही. मित्रांनो, कोणाबद्दल काही ठरवण्याआधी एकदा माझ्या अलीकडे उभे राहा, एकदा पलीकडे. मी लगेच उघडणार नाही, पण तेवढा दणका द्यायचा कंटाळा करू नका.