मागचं नाव

"मॅडम, संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे हं. नाहीतर ते लोक पुढच्या अंकात ढकलतील, आणि तोवर दुसरं कोणीतरी छापून मोकळं होईल," संचालक दारातूनच म्हणाले. आत येण्याचा त्यांचा परिपाठ नव्हता. किड्यांच्या विभागातला डांबरगोळ्यांचा वास त्यांना सोसत नसे.

"जाईल, साहेब."

"आणि सरांचं नाव दिलंत ना, ते फार चांगलं केलंत. शोभून दिसतं."

ते गेले. ती टेबलावरच्या प्रुफांकडे बघत बसली. भुंगेऱ्याच्या नव्या जातीचं नाव वर ठळक छापलं होतं, आणि त्याखाली लेखक म्हणून एकटं तिचं. शोभून दिसतं, हे खरंच होतं. चोराच्या अंगावरचा नवा सदराही शोभून दिसतो, असं तिच्या मनात आलं आणि तिने कागद पालथे घातले.

शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली, साखरेच्या पाकाच्या थेंबात, अंबरचा खडा होता. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाचा डिंक, पार दगड झालेला. पाकात बुडवला की त्याच्यावरचे ओरखडे दिसेनासे होतात आणि आत अडकलेला जीव स्वच्छ दिसतो. घरी तिचा पाक आजवर कधी धड जमला नव्हता. इथे मात्र अगदी हवा तसा व्हायचा. आत तिळाएवढा भुंगेरा होता. एक पाय उचललेला, जणू आता पाऊल टाकणारच होता आणि कोणीतरी हाक मारली. त्याच्या मिशांच्या टोकांना तीन मण्यांचा गोंडा होता. त्याच्या साऱ्या गोतावळ्यात आजवर दोनच मण्यांचे गोंडे माहीत होते. तो नवा होता तो एवढ्यासाठीच.

हा खडा भुंगेसरांचा होता. सरांना सगळं संग्रहालय भुंगेसर म्हणायचं, अगदी त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. एका जवाहिऱ्याने टाकाऊ म्हणून दिलेल्या पिशवीतून त्यांनी तो निवडून काढला होता. तेव्हा तो बाहेरून गुळाच्या खड्यासारखा दिसायचा, आतलं काही दिसत नव्हतं. सरांनी बारीक पॉलिशपेपरवर बोटाने घासून घासून त्याला एका अंगाने खिडकी पाडली. रोज थोडं घासायचं, पाकात ठेवायचं, बघायचं, पुसायचं. जरा हात जड पडला तर मिशी गेलीच म्हणून समजा. चहाला बोलावलं तर म्हणायचे, "जा तुम्ही. माझा माणूस अजून आत कोंडलाय."

सबंध आयुष्यात सरांनी दुसऱ्यांचे भुंगेरे ओळखून दिले. कोणी पेटी पाठवावी, सरांनी एकेकाला भिंग लावून बघावं, नाव लिहावं आणि परत पाठवावी. त्यांचा स्वतःचा असा एकही नव्हता. नव्हता म्हणजे मिळाला नव्हता असं नाही. हा माणूस "अजून एकदा बघू" म्हणायचा आणि तेवढ्यात दुसरं कोणीतरी छापून टाकायचं. या खड्याबद्दल मात्र त्यांनी एकदा तिला स्पष्ट सांगितलं होतं, "हा माझा हं. हा मी लिहिणार." आणि ओशाळून हसले होते, लहान मुलाने शेवटची वडी मागून घ्यावी तसे.

मग त्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. हातात पुन्हा पेन्सिल येईल याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं संग्रहालयात सगळ्यांच्या कानावर आलं. खडा ठेवलेल्या खणाची किल्ली तिच्याकडेच होती. सरांचा खडा ज्या खाणीतून आला, तिथलाच माल आणखी एका संग्रहालयात गेल्याची कुणकुण लागली. तिची बढती कधीची लटकलेली. एक दिवस तिने खडा नुसता बघायला म्हणून काढला. मग नुसतं मोजमाप. मग एखादा फोटो. असं नुसतं नुसतं करत लेख लिहून झाला. सरांना विचारलं नाही. दवाखान्यात ती एकदाच गेली, ते झोपले होते, आणि त्यांना झोपलेलं पाहून आपल्याला हायसं वाटलं हे तिला त्या क्षणीच कळलं होतं. घरी ती गेलीच नाही. गेली असती तर विचारावं लागलं असतं.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा मन फार खायला लागलं, आणि तिने जातीला सरांचं नाव दिलं. त्यांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडलं की झालं. तेवढ्याने तिला बरं वाटलं, दोन दिवस जेवण गोड लागलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. या धंद्यात स्वतः वर्णन केलेल्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा संकेत आहे. कायद्यात नाही, पण मोडणाऱ्याचं जन्मभर हसं होतं. म्हणजे भुंगेऱ्याला सरांचं नाव मिळालं की सर त्या लेखाचे लेखक होऊ शकत नव्हते. तिने त्यांना हार घातला होता, आणि हार घालता घालता दाराबाहेर काढलं होतं.

तिने प्रुफं पिशवीत टाकली आणि उठली.

*

दार काकूंनी उघडलं. सरांच्या बायकोला ती पहिल्यापासून काकू म्हणायची.

"अगं बाई! ये, ये. अहो, बघा कोण आलंय!" काकूंनी तिचा हात धरूनच तिला आत घेतलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू आली नाहीस म्हणून त्यांना राग नाही हो. मीच एकदा कुरकुरले, तर म्हणाले, ती माझं टेबल सांभाळतेय."

तिला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं.

सर खिडकीजवळ हाताच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला होता, दुसऱ्या कोणाची वस्तू असावी तसा. समोर आडवी फळी होती, तिच्यावर कागद, आणि डाव्या हातात पेन्सिल. कागदभर वाकडी वर्तुळं होती, तीन तीन एकाला एक लागून.

"सकाळपासून तेच चालू असतं," काकू म्हणाल्या. "आधी नुसत्या रेघोट्या यायच्या. आता गोल येतो. मी म्हटलं, फुलं काढा, चंद्र काढा. नाही! मिशाच काढायच्या."

"ये," सर म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडून सावकाश यायचे, एकेक चाचपून ठेवल्यासारखे. "खडा... बरा आहे?"

"बरा आहे, सर."

"पाकातून... काढल्यावर... धुतेस ना?"

"धुते. कोमट पाण्याने."

सरांनी मान हलवली. "आणखी... थोडे दिवस. गोल जमला. पाय... जमला की येतो. मग लिहू." आणि ते हसले. अर्ध्या तोंडाने.

वाटेत तिने चांगली चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता आठवेना. तिने पिशवीतून प्रुफं काढली आणि त्यांच्या फळीवर, वर्तुळांच्या कागदावर ठेवली.

"सर, मी लिहून टाकलं. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. माझं चुकलं."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. डाव्या हाताने पान उलटायला त्यांना वेळ लागायचा. ती मदतीला पुढे झाली, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ते सगळं वाचत होते. मापं, पायांची नखं, पंखांवरची लव. फोटोवर ते बराच वेळ थांबले. त्यांनीच घासून पाडलेल्या खिडकीतून घेतलेला फोटो होता तो.

"तिसरा मणी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"गोल नाही, लांबट आहे. टोकाला किंचित चपटा."

"हं." परीक्षेत मुलीने उत्तर बरोबर दिल्यासारखा तो हुंकार होता. त्याने तिला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते पहिल्या पानावर परत आले. नावावर. त्यांच्या डाव्या हाताचं बोट त्या नावावरून हळूहळू सरकलं आणि शेवटी थांबलं.

"म्हणजे मी... लिहायचं नाही," ते म्हणाले.

चिडून नाही. नुसतं वाचून दाखवल्यासारखं.

"नाव काढते, सर," ती घाईघाईने म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. दुसरं काहीतरी देते. आणि वर लेखक म्हणून तुम्हाला घालते. एकट्याला. माझं नाव नकोच. मी आत्ता कळवते, इथूनच कळवते."

"कसलं नाव ग?" काकू चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे तसाच हातात धरून त्या कागदावर वाकल्या आणि त्यांना ते सापडलं. लॅटिन शेपूट लागलेलं असलं तरी आपलं आडनाव कोणाला ओळखू येत नाही? "अय्या! हे आपलं? किड्याला आपलं आडनाव?"

"हो, काकू, पण ते..."

"अगं, सांगायचं नाही का! इतकी वर्षं ह्या माणसाने घरभर किडे आणले, लोकांची नावं मला पाठ झाली. मी विचारायची, तुमच्या नावाचा कुठे आहे? तर म्हणायचे, येईल, येईल." ट्रे त्यांनी कसाबसा टेकवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. "थांब, आधी लेकीला कळवते."

त्या आतल्या खोलीत गेल्या. फोनवरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "अगं, तुझ्या बाबांच्या नावाचा भुंगा निघाला! हो ग! कोट्यवधी वर्षांचा! नाही, थट्टा नाही करत, छापलंय... तुझंही तेच आडनाव ना, मग तुझाही! अगं, रडतेस काय?"

सर आतल्या दाराकडे बघत होते. काकूंचं बोलणं संपेपर्यंत ते तसेच बघत राहिले. मग त्यांनी प्रुफं डाव्या हाताने गोळा केली, कडा जुळवायचा प्रयत्न केला, त्या जुळल्या नाहीत, आणि तशीच तिच्याकडे सरकवली.

"राहू दे."

"सर, नको. भुंगेरा तुमचा आहे."

"राहू दे... तिला... आवडलंय."

"मग मी काय करू?" आपण असं विचारतोय याचीही तिला लाज वाटली. झालेल्या गोष्टीची फेड कशी करायची हेसुद्धा तिने त्यांनाच विचारावं!

सरांनी पेन्सिल उचलली आणि वर्तुळांचा कागद समोर ओढला. कागदाच्या कोपऱ्यात एक सबंध भुंगेरा होता, आठवणीतून काढलेला. वाकडा, सहा पायांचे सहा नमुने, पण उचललेला पाय उचललेलाच. त्याच्याखाली ते लिहायला लागले. एकेक अक्षर मोठं, डगमगणारं. जातीचं नाव लिहायला त्यांना इतका वेळ लागला की ते झालं असं समजून ती उठू लागली. त्यांनी डोळ्यांनीच तिला बसवलं.

ती नवीन होती तेव्हा पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांत जातीचं नाव लिहायची आणि पुढे काही लिहायची नाही. सर चिठ्ठी परत करायचे. "मागचं नाव कुठे आहे? ज्याने पहिलं वर्णन छापलं त्याचं? ते विसरायचं नाही. भुंगेरा काय, कोणत्याही नावाने जगेल. ज्याने आयुष्य घातलं, त्याचं नाव मागे हवंच." तिने किती चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या असतील, गणती नाही.

आता सरांची पेन्सिल स्वतःच्या नावापाशी थोडी थांबली. मग पुढे सरकली आणि त्यांनी, पद्धतीप्रमाणे, तिचं आडनाव लिहिलं. सगळं लिहिलं, एक अक्षर गाळलं नाही. शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला आलं आणि फळीवर गेलं. त्यांनी कागद तिच्यासमोर केला.

"बरोबर?"

आत काकू दुसऱ्या कोणालातरी फोन लावत होत्या.

"बरोबर, सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. नवा कागद पुढे घेतला, आणि पुन्हा पहिला मणी काढायला लागले.