वेड्या राघूचे लाल डोळे

मित्रांनो, मी एक जुना ब्रिज कॅमेरा आहे. खिशातल्या कॅमेऱ्याहून मोठा आणि छायाचित्रकारांच्या भारी कॅमेऱ्याहून लहान; घरातल्या मधल्या भावासारखा. माझी लेन्स काढता येत नाही की बदलता येत नाही. हाताशी बसलेलं फुलपाखरू असो नाहीतर लांबच्या तारेवरचा पक्षी, मला त्या एकाच लेन्सवर सगळं निभवावं लागतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. कोथरूडच्या पुष्करने मला पहिल्या पगारातून घेतलं ते ताडोब्याला जायचं म्हणून. तिथे रस्ता ओलांडणारी वाघीण मी नेमकी टिपली. त्या फोटोचं केवढं कौतुक झालं! चौकट करून तो दिवाणखान्यात लावला गेला. पुढे पुष्करकडे चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आला, मग बंगळुरूची नोकरी आली आणि मी त्याच्या आईवडिलांच्या कपाटात स्वेटरांच्या मागे जाऊन पडलो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात किती पावसाळे गेले कोण जाणे. माझ्या लेन्सच्या कडेला बुरशीचा एक ठिपकाही धरला.

मग एके दिवशी पुष्करच्या आईने, मंदाकिनीकाकूंनी, मला बाहेर काढलं.

काकू शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. कॅमेरा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. पण त्यांचे यजमान दत्तप्रसादकाका पक्ष्यांचे वेडे. दोघं रोज सकाळी टेकडीवर जायची. अलीकडे काकांच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं पुसून जायचं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी पेपर सोडला, तक्रार केली नाही. फक्त एकदा टेकडीवर थबकून म्हणाले, “आवाज इथेच येतोय गं. पक्षी काही दिसत नाही.”

ते वाक्य काकूंच्या मनात रुतून बसलं. पक्षी फोटोतून घरच्या मोठ्या टीव्हीवर आणला, तर ह्यांना जवळ बसून कडेच्या नजरेने तरी बघता येईल, असं त्यांनी ठरवलं.

मित्रांनो, शिकणं सोपं नव्हतं. काकू आधीच झूम करायच्या आणि मग आभाळभर पक्षी शोधत बसायच्या. फोनवरून पुष्कर म्हणाला, “आई, उलटं कर. आधी झूम न करता पक्षी शोध, मग हळूहळू जवळ जा. बटण अर्धं दाब, चित्र स्पष्ट झालं की पूर्ण. आणि उडता पक्षी हवा असेल तर शटरचा वेग वाढव, नाहीतर पंखांचा नुसता धूर दिसेल.”

काकूंनी कोपर बरगड्यांना टेकवून श्वास रोखायची सवय केली. तरी पहिल्या आठवड्यात पानं स्पष्ट यायची आणि पक्षी पुसट. एकदा टीव्हीला नाक लावून काका म्हणाले, “पक्षी गेलेला दिसतोय. फांदी मात्र सुरेख आली आहे हो!”

काकूंनी मला पिशवीत घातलं. चेन ओढल्याचा आवाज काकांनी ऐकला.

“रागावलीस?”

“नाही. माझ्याच्याने होत नाहीये, अहो. बटण दाबेपर्यंत तो वेडा राघू उडून जातो.”

काकांचा आवाज मऊ झाला. “मंदा, वेडा राघू माशी पकडायला झेपावतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. तू त्याच्यामागे धावतेस. धावू नकोस, तारेवर नजर ठेवून थांब.”

दुसऱ्याच दिवशी उतरणीवर मुरुमावरून काकांचा पाय घसरला. मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला. त्याहून जास्त काहीतरी आत मोडलं. घरी आल्यावर ते म्हणाले, “टेकडी पुरे आता. मला सांभाळशील की फोटो काढशील?” ते गॅलरीत बसून राहू लागले. पक्ष्यांचं नावही काढेनात.

काकू एकट्याच मला घेऊन जाऊ लागल्या. शेजारची जागा रिकामी आहे हे त्यांच्या हाताला कळायचं. वाटेत चढ आला की कोपर आपोआप आधार द्यायला पुढे व्हायचा. थंडीतल्या एका सकाळी तारेवर वेडा राघू बसला होता. काकू थांबल्या. तो उडाला, तरी त्यांनी मला हलवलं नाही. तो परत आला तेव्हा चोचीत मधमाशी होती. त्याने ती हवेत उडवली आणि काकूंनी बटण दाबून धरलं. फोटोमागून फोटो निघत गेले. माझी जुनी यंत्रं कुरकुरली, पण चुकली नाहीत.

घरी येताच त्यांनी टीव्ही लावला आणि काकांना हाताला धरून समोर बसवलं. काकांनी मान वाकडी केली, कडेच्या नजरेने पडदा चाचपला. हिरवी पाठ. शेपटीतून निघालेली काडी. हवेत तरंगणारी मधमाशी. ते आणखी पुढे सरकले.

“मंदा,” काका म्हणाले, “याचे डोळे लाल असतात?”

“हो. लाल आहेत.”

“इतकी वर्षं पाहिला मी याला, चांगल्या डोळ्यांनी. हे कधी दिसलंच नव्हतं.” त्यांनी पडद्यावरच्या त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाले, “माझे बूट कुठे ठेवलेस? उद्या लागतील.”

आता दोघं पुन्हा टेकडीवर जातात. काकांना ऐकू येतं, काकूंना दिसतं.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. लेन्स बाहेर येताना अडखळते. सुटे भाग मिळत नाहीत, असं दुरुस्तीवाल्याने सांगून टाकलं आहे. मला धुळीपासून, दमटपणापासून जपा हे मी सांगीनच. पण जपायचं म्हणून आम्हाला कपाटात कोंडू नका. आमच्यासारख्यांना वापरणं हेच आम्हाला जपणं असतं. आणि घरात एखादं माणूस गॅलरीत गप्प बसू लागलं असेल, तर त्याच्याही बाबतीत हे ध्यानात असू द्या.

“डावीकडे, जरा वर,” काका पुटपुटतात. काकू कोपर बरगड्यांना टेकवतात. मीही श्वास रोखतो.