देवानंद सरांची जीभ

आमच्या याईले जीभ आहे, असं तीन वर्षांमांगं कोणीतरी याईच्या कानात फुंकलं, अन् माझ्या घराचं पार वाटोळं झालं. जीभ तर बाप्पा सगळ्याईलेच असते! पण नाही. याईची म्हणे वेगळी.

आमचे हे म्हणजे देवानंद सर. अमरावतीच्या एका अनुदानित कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोट्ट्याईले वनस्पतीशास्त्र शिकवतात. पेन्शनले आठ वर्षं बाकी. अशा माणसानं सुट्टीच्या दिवशी वांग्याची भाजी खावी अन् गुमान झोपावं. हे दर रविवारी दुपारी मधल्या खोलीत व्हिस्की अन् जिन तपासतात. पितात म्हटलं की राग येतो. "पीत नाही रागिणी, परीक्षण करतो." अन् हे बोलताना भाषा एकदम शुद्ध, जशी काही पुण्यात जन्मली. दारू प्यायचं सरकारी परमिट फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे, माझ्या बी.एड.च्या सर्टिफिकेटच्या बाजूले.

बाटली कोणती ते कळू नये म्हणून आमच्या पोराचे शाळेतले जुने मोजे बाटल्याईले घालतात. मंग पेल्यात नाक खुपसायचं, मधातच नाक ताजं व्हावं म्हणून स्वतःची बाही हुंगायची, घोट तोंडात खळखळवायचा अन् माझ्या दुधाच्या पातेल्यात थुंकायचा. त्यावर वहीत मार्क, शंभरापैकी. बारावीच्या पोट्ट्याले पस्तीस देताना याईचा जीव जातो, अन् दारूले एक्क्याण्णव!

सोबतीले किसनराव. कृषी खात्यातून रिटायर झालेले, दोन गल्ल्या सोडून राहतात. फुकटच्या घोटासाठी हा माणूस तीन वर्षांपासून याईले हरभऱ्याच्या झाडावर चढवून राहिला.

आता खरी गंमत ऐका. घोट घ्यायच्या आधी पेल्यात चार थेंब पाणी टाकायचं असते. त्यानं म्हणे दारू खुलते. ते पाणी आमच्या माठातलं. अन् उन्हाळा लागला की वऱ्हाडात घरोघरी माठात वाळ्याची जुडी असते, मुळ्याईची. पाण्याले वास येते, जिवाले गार वाटते. हे रोज तेच पाणी पितात, म्हणून पाण्यात तो वास याईले कळतच नाही. दारूत उतरला की शोध लागतो! पहिल्याच उन्हाळ्यात याईनं वहीत लिहिलं, 'खोलवर मुळांचा गंध, ओल्या जमिनीची चव.' मी ते वाचलं अन् अकोल्याले माझ्या बहिणीले, जमुनाले, फोन लावला. दोघी पोट धरून हसलो. वनस्पतीशास्त्राचा मास्तर, अन् त्याले वाळा ओळखू येईना!

मंग तर याईनं सिद्धांतच काढला. उन्हाळ्यात माझी जीभ खुलते, हिवाळ्यात मिटते. अहो, हिवाळ्यात माठात वाळा नसते! पण मी काही बोलली नाही. दर चैत्रात जमुना स्वतः फोन करून विचारे, "काय वं, भाऊजीची जीभ खुलली का?"

तोवर सगळं हसण्यावारी होतं. या मे महिन्यात किसनरावांनं वहीचे फोटो नागपूरच्या एका दारू कंपनीले पाठवले, अन् कंपनी मांगंच लागली. शहरोशहरी फिरून दारूची चव सांगणारा माणूस त्याईले पाहिजे होता. झालं! याईनं राजीनामा लिहून काढला. राजीनामा म्हणजे पेन्शनवर पाणी. पोरगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाले. मी हात जोडले, पाया पडली. हे म्हणतात, "तुला नाही कळायचं ते." रविवारी कंपनीचा माणूस घरी येणार, अन् सोमवारी राजीनामा देणार, असं ठरलं. मी म्हटलं, ठीक आहे. रविवारी त्या माणसासमोरच वाळा काढून दाखवते. एक दिवस तर हातात आहे.

आला. नितेश नाव, तिशीतला, अंगाले अत्तर चोपडलेलं. असा माणूस दुसऱ्याचं काय हुंगणार? मोजे घातलेल्या चार बाटल्या, दोन व्हिस्की, दोन जिन. पाण्याचा जग मीच नेऊन ठेवला.

पहिला घोट. याईनं डोळे मिटले. "मूळ... जमिनीत खोल गेलेलं मूळ."

"अगदी, सर!" नितेश म्हणाला.

"मेळघाट आठवला मले तर," किसनराव म्हणाले. त्याच मेळघाटात, धारणीले बदली झाली तवा हाच माणूस रडला होता.

दुसरीत मूळ. तिसरीत मूळ. चौथीत तर मूळ असं की नितेशनं टेबलावर थाप मारली. "सर, हीच आमच्या ब्रँडची ओळख! आमच्या लोकांना कुणालाच हे सापडलं नव्हतं."

कसं सापडंल? त्याईच्या घरी फिल्टर असंल.

मी उठली, माठातून वाळ्याची जुडी काढली अन् ओलीच टेबलावर मधोमध ठेवली. "हे घ्या तुमचं मूळ. हुंगा, चारही बाटल्याईत हेच आहे."

नितेशनं हुंगलं. किसनरावांनं हुंगलं. मंग नितेश बॅग आवरता आवरता म्हणतो, "मला शंका आली होतीच, मॅडम." खोटारडा लेकाचा! फोन करतो म्हणाला अन् गेला. किसनराव तर चपला हातात घेऊनच पळाले.

मले असं बरं वाटलं म्हणून सांगू! पेन्शन वाचली, घर वाचलं.

हे जुडीकडे पाहत बसून होते. मंग बोलले, अन् शुद्ध भाषा पार गळून पडली होती. "तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? मी दुसऱ्या दिवशी सोडून देल्लं असतं हे सगळं."

मी जुडी उचलून बाजूले ठेवली. म्हटलं, "जाऊ द्या आता. तो राजीनामा आणा इकडे, फाडून टाकते."

"तो देल्ला मी. शुक्रवारीच. नितेश फोनवर पक्कं म्हणाला होता. संस्थेच्या अध्यक्षानं जागच्या जागी सही केली. त्याच्या पुतण्याले जागा पाहिजेच होती."

मी खालीच बसली.

"अहो, एवढं मोठं केलं अन् मले एका शब्दानं नाही सांगतलं?"

हे म्हणाले, "तू हसली असती."