बट

पेंटर गेल्यावर दीड महिन्यातच चर्चच्या कमिटीला त्याच्या येशूची अडचण व्हायला लागली.

वेदीमागे ते चित्र बावीस वर्षं होतं. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड आणि त्यावर गुडघे टेकून शिष्यांचे पाय धुणारा, माणसाच्या दीडपट येशू. पेंटरचा जन्म सिनेमाचे बॅनर रंगवण्यात गेलेला. त्यामुळे येशूचे दंड जरा जास्तच भरलेले होते आणि दोन शिष्य तर थेट खलनायकाच्या टोळीतून उठून आल्यासारखे दिसत. त्याचं कुणाला काही नव्हतं. डोळ्यांत भरायची ती येशूच्या कपाळावर वळून आलेली केसांची बट. एके काळी एका हिरोची बट अशीच होती आणि तेव्हाच्या निम्म्या तरण्या पोरांनी ती उचलली होती. पेंटरला हिरोशिवाय दुसरं तोंडच येत नाही, असं लोक हसून म्हणत आले. पेंटर मान हलवून मोकळा व्हायचा. येतं तेवढं काढलं, म्हणायचा.

आता चर्चला पन्नास वर्षं होत होती. त्यात कुणीतरी चित्राचा फोटो काढून त्यावर त्या हिरोचा डायलॉग चढवला आणि तो मोबाइलवरून गावभर फिरला. कमिटीने ठरवलं, तोंड तेवढं बदलून घ्यायचं. काम पेंटरच्या मुलीला सांगितलं.

मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची. लहानपणी मात्र ती बापाच्या हाताखाली होती. छोट्या फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तितकेच मोठे चौकोन कापडावर, आणि मग एकेका चौकोनातलं तेवढंच उचलून तिकडे ठेवायचं. आखणी तिची. म्हणून बाप तिला फुटपट्टी म्हणायचा. दुसऱ्या कुणाचा ब्रश त्या चित्राला लागण्यापेक्षा आपलाच लागलेला बरा, म्हणून ती हो म्हणाली.

मूळ रंगसंगती कळावी म्हणून तिने बापाची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी एक फोटो होता. ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. कोपऱ्यात नगरपालिकेचा अर्धा शिक्का, तोंडावर चौकोन, आणि कपाळावर बट. हिरोचा नव्हता तो. आखणी बापाच्या हातची होती, थोडी वाकडी. या एका चित्रासाठी त्याने फुटपट्टीला हाक मारली नव्हती.

माणूस तिने लगेच ओळखला. चर्चचा झाडू-पोछा करणाऱ्या मावशीचा नवरा. तेवीस वर्षांपूर्वी त्याला दोराने गटारात उतरवलं होतं, आणि वर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

ती फोटो घेऊन मावशीच्या खोलीवर गेली. मावशी फडकी पिळत होती. ओले हात पदराला पुसून तिने फोटो घेतला.

"तुझ्या बापाने मागून नेला होता," ती म्हणाली. "परत द्यायचा राहिला बघ."

"मावशी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? या बटेसाठी रोज अर्धा तास आरसा अडवून धरायचा. कामावरून आला की तीन-तीनदा साबण. अंगाचा वास जायचा नाही, पण बट जिथल्या तिथे."

ती हसली. हसणं संपायला वेळ लागला.

इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मुलीने विचारलं. मावशीने फोटोवरून अंगठा फिरवला.

"तुझा बापच म्हणाला, वहिनी, लोकांना हिरो वाटतोय तर वाटू दे. हिरोला कुणी खाली उतरवत नाही."

मुलीने विचारलं, कमिटीला सांगू का.

"सांग. मी दर रविवारी त्याच्याकडे बघून बसते. तोंड बदललं तर मी कुठे बघायचं?"

कमिटीपुढे मुलीने मावशीकडून मागून आणलेला फोटो ठेवला आणि थोडक्यात सांगितलं. फोटो हातोहात फिरला. ज्याच्या त्याच्या हातात तो आधीच्यापेक्षा कमी वेळ थांबला. शेवटी सेक्रेटरींनी घसा साफ केला. त्या माणसाबद्दल आदर आहेच, म्हणाले, पण हिरो होता तोवर निदान हसण्यावारी नेता येत होतं. आता पाहुण्यांना काय सांगायचं? गटार हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. पाळक वाईट माणूस नव्हते. दुर्घटना झाली तेव्हा मावशीच्या दारात पहिले तेच पोचले होते. त्यांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला.

"आपण हे प्रार्थनेत ठेवू," ते म्हणाले.

मुलगी याच चर्चमध्ये वाढली होती. या टेबलावर प्रार्थनेत ठेवलेली गोष्ट पुन्हा वर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. ब्रश लावणार नाही, असं सांगून ती उठली. फोटो तेवढा उचलला.

त्यांनी त्याच प्रसंगाचा फ्लेक्स छापून आणला. शनिवारी दुकानाचा माणूस शिडी लावून तो चित्रावरच ठोकायला लागला, तेव्हा मुलगी तिथे जाऊन उभी राहिली. खिळे चौकटीत मार, कापडात नको, एवढंच तिने सांगितलं.

"ताई, आतलं कुणाला दिसणार आहे?" तो म्हणाला. पण खिळे त्याने चौकटीतच मारले.

रविवारी ती मावशीच्या बाकावर जाऊन बसली. नवा येशू गोरापान, गुळगुळीत, केस मागे वळवलेले. शिष्यांचे पाय आधीच स्वच्छ होते. मावशीची नजर त्या तोंडावर थांबेना. भिंतीवर इकडून तिकडे फिरत राहिली, घरातली वस्तू कुणी जागेवरून हलवल्यावर फिरते तशी.

"आहे ना गं तो तिथेच?" तिने हळूच विचारलं.

मुलीने मनातल्या मनात कापडावर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या.

"तिथेच आहे, मावशी. वरून तिसरा चौकोन, डावीकडून पाचवा."

गाणं सुरू झालं. सगळे उठले. मावशी बसूनच राहिली. तिचे ओठ हलत होते, पण ती गात नव्हती, मोजत होती.