उरलेलं भाषण

मला हल्ली स्वतःची शिसारी येते. का, ते सांगतो.

परभणीच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या मठात उपवासावर बोललो. पोट रिकामं राहिलं की पेशी आपल्यातलाच कचरा खाऊन साफ होतात. पी-५३ नावाचं प्रथिन पेशींवर पहारा करतं, बिघडलेली पेशी वाढू देत नाही. एवढ्यावरच टाळ्या पडल्या. पुढचा भाग मला पाठ होता. कॅन्सरमध्ये हा पहारेकरीच बरेचदा बिघडलेला असतो, आणि मग तेच स्वतःला खाणं कॅन्सरच्या पेशींना उपासमारीत तगवू शकतं, दुसऱ्या अवयवात जाऊन मुक्काम ठोकायला बळ देऊ शकतं. पण टाळ्या गोड लागल्या. शाल घेतली आणि खाली बसलो.

कुणीतरी क्लिप काढली. ती सेलूला माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत, भागम्माअक्कापर्यंत पोचली. अक्काला स्तनाचा कॅन्सर. परवा तिच्या डॉक्टरांनी मला बोलावून खडसावलं. वजन नऊ किलो उतरलंय, असंच चाललं तर पुढची किमो देता येणार नाही. तिच्या घरी गेलो तर अक्का खाटेवर, ओठांना पापुद्रे, तोंडाला आंबूस वास. उशाशी मोबाइल चालू, त्यात मी शाल पांघरून हसतोय. मी तो बंद केला.

"तूच म्हणलास ना, उपाशी राह्यलं की आतली घाण जळती," ती म्हणाली. "महिना झाला, एक टाइम नुसतं दूध घ्यायलेय."

उरलेलं भाषण मी तिला तिथेच सांगितलं, खाली मान घालून. तिनं सगळं ऐकून घेतलं. दुधात भाकरी कुस्करून आण म्हणाली, चार घास कसेबसे गिळले. मग म्हणाली, "किमोला माझ्या बाजूला पिंगळीची वैजयंती असायची. तिला बी मीच दाखवलं तुझं बोलणं. आत्ताच्या आत्ता फोन लाव."

लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला. मी नाव सांगताच त्याचा आवाज नरम झाला. वैजयंती जाऊन आठवडा झाला होता.

"शेवटपर्यंत तुमचंच ऐकलं सर तिनं. अन्नाला शिवली न्हाई. लय उपकार हायेत तुमचे."

अक्का माझ्याकडे बघत होती. त्याला खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अहो, उपकार कसले."