कप कोणी धुवायचे

ठकूने कळ दाबली. स्क्रिप्ट एक ओळ पुढे सरकली आणि शेजारच्या पडद्यावरचा मेमरीचा आकडा वाढला. तिने पुन्हा दाबली, आकडा पुन्हा वाढला. खाली यायचं नाव नाही.

"खा बाबा, खा," ती आकड्याला म्हणाली. "आज तुझं शेवटचं जेवण."

तिला खात्रीच होती. सकाळपासून तिने डीबगरचा कानाकोपरा झाडून काढला होता आणि आता बघायची एकच जागा उरली होती. मजकूर लिहायचा हा एडिटर त्या दोघींनी बनवलेला, म्हणजे ठकूने आणि तिच्या मावशीने. दोन खोल्यांचं ऑफिस, दोन खुर्च्या, बेसिनपाशी दोन कप. एडिटरमधला डीबगर, म्हणजे स्क्रिप्टमधल्या आज्ञा ओळीओळीला थांबवून चालवणारं साधन, मावशीने एकटीने लिहिलेला. कोर्टातल्या साक्षी टाइप करणारं एक मोठं ऑफिस तो वापरत होतं. साक्षीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अनर्थ, म्हणून तिथली माणसं मजकूर नीटनेटका करणारी स्क्रिप्टही डोळ्यांत तेल घालून, एकेक ओळ बघत चालवायची. आणि रोज दुपारी मेमरी गच्च भरून एडिटर मान टाकायचा. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्ती आली नाही तर आम्ही दुसरीकडे जातो, असं तिथल्या मुख्य बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. ते गेले तर ऑफिसला टाळं लागणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

ठकूने ती उरलेली जागा उघडली आणि खुर्चीतच उडाली. दर ओळीला डीबगर अख्ख्या मजकुराची एक प्रत काढून ठेवत होता आणि एकही टाकून देत नव्हता.

म्हणजे चूक मावशीची!

या ऑफिसात नियम एकच होता आणि तो मावशीनेच घातलेला. ज्याची चूक, त्याने त्या दिवशी कप धुवायचे. ठकू इथे आल्यापासून कप ठकूच धूत आली होती. मावशीच्या बोटांना बेसिनचं पाणी म्हणून लागलं नव्हतं, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचीही. ठकूला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग तिने तेच पुन्हा वाचलं. प्रत्येक प्रतीला क्रमांक होता. कर्सर कुठे होता, कोणता शब्द निवडला होता, पडदा किती वर सरकला होता, सगळं नोंदवलेलं. विसरलेलं माणूस इतकी व्यवस्थित घडी घालून ठेवत नाही. ठकूला सुरुवातीच्या दिवसांतली मावशी आठवली, टेबलावर थाप मारून म्हणणारी, "स्क्रिप्ट पुढे काय, कुणीही नेईल गं. एखादी चूक नजरेतून निसटली की मागच्या ओळीवर नेणारं बटण करीन, तेव्हा मी खरी." ते बटण कधी झालंच नाही. पुढे मावशीने त्याचा विषय काढणंही सोडून दिलं. त्याची तयारी मात्र इथे तशीच चालू होती, दर ओळीला.

काढून टाकणं अगदी सोपं होतं, पण ठकूचा हात चालेना. तिला मावशीसाठी फार वाईट वाटलं.

"सापडलं?" मावशी आतल्या खोलीतून आली.

"सापडलं."

"चूक कुणाची?"

ठकूने पडदा तिच्याकडे वळवला. मावशीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाकून वाचायला लागली. तिचं बोट पडद्यावरून ओळीमागून ओळ खाली आलं आणि एका जागी थांबलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "टाकून द्यायचं राहूनच गेलं की माझ्याकडून. माझी चूक."

"मावशी, हे काही राहून गेलेलं..."

"राहूनच गेलंय. मुळापासून काढ, अर्धवट ठेवू नकोस." तिने दोन्ही कप उचलले. "सांग तुझ्या आईला, तिच्या बहिणीने आज कप धुतले म्हणून. विश्वास नाही बसायचा तिचा."

आणि ती ताठ मानेने बेसिनकडे गेली.

ठकूने मुळापासून काढलं. मग सगळ्यांत लांबलचक साक्ष घेतली आणि स्क्रिप्ट ओळीओळीने चालवली. आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. साक्ष संपली तेव्हा तो होता तिथेच होता. आता कुणाला विचारायची गरज नव्हती. तिने नवी आवृत्ती पाठवून दिली.

संध्याकाळी मुख्य बाईंचा फोन आला.

"आज आमच्याकडे कुणी आरडाओरडा केला नाही हो. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठे जात नाही."

फोन ठेवून ठकू वळली, तर मावशी चहाचे कप घेऊन पुन्हा बेसिनपाशी उभी होती. कधीचा स्वच्छ झालेला एकच कप घासत होती. ठकूने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"अगं, चूक माझी आहे ना?"

"विसरणारं माणूस पडदा किती वर सरकला होता ते लिहून ठेवत नाही," ठकू म्हणाली. "ज्याची चूक नाही त्याने कप धुवायचे नाहीत. नियम तुझाच आहे."

मावशीने हात पुसायला टॉवेल घेतला आणि तो तसाच धरून ती नळाच्या धारेकडे बघत राहिली. ठकूने दुसरा कप विसळायला घेतला.

"मागे जायला सगळ्या प्रती कशाला हव्यात पण?" मावशी एकदम म्हणाली. "शेवटच्या पन्नासच ठेवल्या तर?"

ठकूने नळ बंद केला.

"आणि जुन्या टाकत जायच्या?"

"कप राहू देत," मावशी म्हणाली. "खुर्ची ओढ."