प्रसादाला औषध कोण म्हणतं?

शीळफाट्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरदुपारी दोनशे माणसं घोरत होती. हाच तो चमत्कार! वर्षानुवर्षं डोळ्याला डोळा न लागलेले लोक निद्रानाथ महाराजांची चिमूटभर पुडी खाऊन सतरंजीवर आडवे. महाराज माइकवर गर्जत, "औषध नाय हां, प्रसाद आहे! डॉक्टर गोळी देतो, मी शांती देतो!"

टिटवाळ्याचे आमचे सहदेवकाका त्यांचे भक्त. चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्याही माझ्या मेडिकलमधून न्यायचे. मी दरवेळी विचारायचे, "काका, दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही नाही गं, माया."

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी काका उठलेच नाहीत. शवविच्छेदनात झोपेच्या गोळ्यांचा अंश जास्त निघाला आणि बिल्डिंगने निकाल लावून टाकला: जीव दिला! मंदाकिनीकाकूंना बघून लोक तोंड चुकवू लागले.

"ते असं करणारे नव्हते गं," काकू काउंटरवर रडल्या.

त्यांच्या घरी जाऊन मी गोळ्या मोजल्या. चिठ्ठीप्रमाणे उरायला हव्यात तेवढ्याच होत्या. मग जास्तीच्या आल्या कुठून? देवघरात पुडीचा कागद पडला होता, चाटूनपुसून साफ.

"पुनवेला नवी पुडी मिळते," काकू म्हणाल्या. "जुनी निम्मी उरलेली. प्रसाद टाकायचा कसा? ह्यांनी खाऊन टाकला सगळा."

नवी पुडी आम्ही पोलिसांकडे दिली. तपासणीत निघालं धोत्र्याचं बी आणि त्यात कुटलेल्या झोपेच्या गोळ्या. हीच ती शांती!

अहवाल घेऊन काकू महाराजांच्या शेडमध्ये भर गर्दीत उभ्या राहिल्या. महाराज हसले. "माई, प्रसादाने कुणी मरतं का? श्रद्धा कमी पडली त्यांची."

काकूंनी थाळीतल्या चार पुड्या उचलून पुढे केल्या. "मग खा. आत्ता, माझ्यासमोर."

"आज माझा उपास आहे."

"प्रसादाला उपास आडवा येतो होय रे, मेल्या?"

कुणी हसलं नाही. दोघीतिघींनी पदराची पुडी मात्र गुपचूप खाली टाकली.

बाबांनो, धोत्रा शंकराला वाहतात, म्हणून तो आपल्यालाही पचेल असं नाही. झाडपालाही जीव घेतो, आणि गोळ्यांच्या जोडीने लवकर घेतो. पुडी, काढा, अंगारा, सगळं डॉक्टरांना सांगा.

मी आता 'औषध' म्हणतच नाही. विचारते, "पोटात काय काय जातं?" काकांना असं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते.